तुपाची शाई आणि उद्याची शाळा



शिक्षणात यंत्राला कितपत स्थान द्यावे, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी येथे शिळाछापखाना काढला. शाईत चरबी असल्याने छापील पोथी अनेकांना विटाळ वाटे. गणपत कृष्णाजींनी यंत्र सोडले नाही, लोकांची हेटाळणीही केली नाही. त्यांनी तुपाची शाई तयार केली. पुढे १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना स्थापिला आणि सुबक देवनागरी ठशांतील त्याचे संस्कृत ग्रंथ दूरदूरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा भ्रमणध्वनीवर भरली. नायगाव-परळच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. अशा घरात भ्रमणध्वनी एक आणि शिकणारी भावंडे तीन असली, तर वर्ग एकाचाच होई. यंत्र होते, तुपाची शाई नव्हती.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. एकच गणित ती न कंटाळता दहा वेळा समजावील. परंतु तिचे भरणपोषण प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर झालेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. तो सार्थ व्हायचा, तर शुद्ध आणि विपुल मराठी पाठ शिक्षकांनी व तंत्रज्ञांनी मिळून सिद्ध केले पाहिजेत. गिरगाव ते लालबाग प्रत्येक वस्तीतील अभ्यासिकेत संगणक हवा आणि त्याच्या शेजारी शिकविणारा माणूसही हवा.

यंत्र परके असेल. शाई मात्र आपणच घोटली पाहिजे.