आकृती आणि ऐरण

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने संगणकावर बोलावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ह्या विषयाचे मूळ आपल्याच घरच्या ऐरणीपाशी आहे.

शाळेत असताना आम्ही एकदा पाटीवर पटाशीचे चित्र काढून वडिलांस दाखविले. पाते आणि मुठीत जाणारी शेपटी जेथे मिळतात, तेथे पट्टीने नेमका काटकोन आखला होता. वडिलांस अक्षरओळख नव्हती. चित्र पाहताच ते म्हणाले, “बाळा, हा कोपरा गोल कर. असाच ठिवलास, तर पाणी पाजताना इथंच चीर जाईल.” तापलेले पोलाद एकाएकी निवते तेव्हा त्यातील ताण तीक्ष्ण कोपऱ्यात एकवटतो, हे कारण आम्हांस पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडले.

आज कारखान्यातील वस्तू प्रथम संगणकाच्या पडद्यावर आकार घेते. तेथे रेघेला कोणी अडवीत नाही. आमचा एक पुतण्या पुण्याकडे आरेखनाचे काम करतो. आरंभी त्याने एका भागातील खाचेचे आतले कोपरे काटकोनी काढले. खाच कोरणारे हत्यार गोल फिरते. ते तसा कोपरा कसे कोरणार? आरेखन परत आले, आठवडा वाया गेला आणि बोलणी खावी लागली, ती निराळीच.

अशी चूक आरेखनाच्या वेळीच दाखवून देणाऱ्या संगणकप्रणाली आता निघाल्या आहेत. अमेरिकेत जेफ्री बूथ्रॉइड व पीटर ड्यूहर्स्ट ह्यांनी ह्या विचारास शास्त्राचे रूप देऊन तो संगणकात उतरविला. १९९१ साली त्यांस तेथील राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही गोदरेज उद्योगसमूहातून निघून १९९४ साली स्वतंत्र झालेल्या जिओमेट्रिक कंपनीने ‘डीएफएमप्रो’ ही अशी प्रणाली तयार केली. पुढे २०१७ साली ती एचसीएलकडे गेली. छिद्र रुंदीच्या मानाने फार खोल आहे काय, पत्र्याचे छिद्र दुमडीच्या फार जवळ येऊन ताणले जाईल काय, साच्यातून वस्तू सुटण्यास बाजूंना पुरेसा उतार आहे काय, हे ती तपासते आणि दोषाच्या जागी बोट ठेवते.

बंधुभगिनींनो, हे नियम संगणकाने शोधलेले नाहीत. ते भट्टीपाशी, लेथपाशी हात भाजून घेतलेल्या माणसांचे आहेत. शिवाय प्रत्येक कारखान्याची यंत्रे निराळी, म्हणून आपापले नियम त्यात भरण्याची सोयही असते. ते भरण्यास अनुभवी कारागिराचे तोंड आणि शिकलेल्या मुलाची बोटे, दोन्ही लागतात. आपल्या समाजात दोन्ही आहेत. मात्र त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. मुलगा पदवी घेतो आणि बापाचा भाता सांगण्यास लाजतो. बाप म्हणतो, आपल्याला काय कळते!

ही लाज आम्हीही बाळगली होती. वडील गेले आणि पोलादाच्या बदलत्या रंगावरून पाणी पाजण्याची वेळ ओळखण्याची त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांस शुद्धलेखन सांगणाऱ्या आम्ही वडिलांचे एक वाक्यही लिहून ठेवले नाही. ही खंत आजही आम्हांस झोपू देत नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाच्या परिसरात लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. चार चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या त्या प्रकल्पास २०२३ साली केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. सूक्ष्म कामाचे युग असे आपल्या उंबऱ्याशी आले आहे. त्याचे स्वागत रिकाम्या हातांनी करू नये.

म्हणून आमची विनंती एवढीच की, ह्या दिवाळीत घरी आलेल्या प्रत्येक मुलाने व मुलीने वही घेऊन आजोबांपाशी बसावे आणि विचारावे : कोठे मोडते? का मोडते? मग कसे करावे? ती वही हीच आपली खरी वडिलार्जित इस्टेट होय.