ताप आला, पण वहीत आला का?

टेंभुर्णीहून आम्ही बोलतोय. आज विषय तापाचा आहे. पण तापावर गोळी कुठली घ्यावी, हे आम्ही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. गावातला ताप सरकारदरबारी मोजला कसा जातो, आणि कुणाचा ताप मोजायचा राहून जातो, त्याबद्दल आज बोलू.

पुरंदर तालुक्यात जेजुरीजवळ बेलसर नावाचं गाव आहे. 2021 चा जुलै महिना. कोरोनाचे दिवस, त्यामुळं कुणाला ताप आला की घरातली सगळीच धास्तावायची. त्या गावात महिन्याच्या सुरुवातीपासून एकेक करून माणसं तापानं पडायला लागली. अंग दुखतंय, सांधे धरलेत. पाच जणांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडं गेले. त्यातल्या तिघांना चिकुनगुन्या निघाला. मग संस्थेचं पथक गावात आलं आणि 41 जणांचं रक्त घेऊन गेलं. 25 जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंगू, आणि पन्नाशीच्या एका बाईला झिका. महाराष्ट्रात झिकाचा तो पहिला रुग्ण. ती बाई पुढं बरी झाली.

आता यातली गंमत बघा. झिका शोधायला कुणीच निघालं नव्हतं. त्या बाईला होणारा त्रास बाकीच्यांसारखाच होता. ती सापडली ती एवढ्याचसाठी, की गावात एकाच वेळी इतकी माणसं कशानं पडलीत हा प्रश्न कुणीतरी वेळेत वर पोचवला. आणि झिका साधा नाही बरं का. मोठ्या माणसाला तो चार दिवस ताप देऊन सोडतो, पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. डासातून होतो तसा तो नवऱ्याकडून बायकोलाही होतो. म्हणजे गावात झिका आहे हे कळणं सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगाचं? आपल्याच लेकीसुनांच्या.

हे मोजण्याचं काम चालतं त्याला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम म्हणतात. 2004 साली तो सुरू झाला, आणि पहिल्या टप्प्यात घेतलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. नाव जड आहे, काम सोपं आहे. उपकेंद्रातल्या सिस्टर गावात फिरून बघतात, कुणाला काय होतंय ते लिहितात. दवाखान्यातले डॉक्टर तपासून त्यांना काय वाटतं ते लिहितात. प्रयोगशाळा तपासणीत काय निघालं ते लिहिते. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हे कागद तालुक्याला, तिथून सोलापूरला, पुढं पुण्या-मुंबईला आणि दिल्लीला जायचे. 2021 पासून तेच मोबाईलवर, टॅबवर भरतात, त्यामुळं आठवडाभर थांबावं लागत नाही.

सिस्टर जे लिहितात त्यात रोगाचं नाव नसतंच. ताप आहे का, किती दिवसांचा, अंगावर पुरळ आहे का, रक्त जातंय का, माणूस बरळतंय का. पातळ जुलाब आहेत का. डोळे पिवळे झालेत का. एवढंच. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या बैठकीत बायका नेहमी म्हणतात, "आम्हाला काय कळतंय त्यातलं?" अगं, कळायचं काय आहे? हे सगळं तुला डॉक्टरच्या आधी दिसतं. पोराच्या पाठीवरचं पुरळ अंघोळ घालताना दिसतं. सासऱ्याचे डोळे पिवळे झालेले चहा देताना दिसतात.

कधी सांगायचं, याचाही हिशोब आहे. तापाबरोबर पुरळ असलेले दोन रुग्ण एका गावात निघाले, तरी चौकशी व्हायला हवी. कावीळ वेगवेगळ्या घरांत दोघांपेक्षा जास्त जणांना झाली, तर पाण्याकडं संशयानं बघायचं. आणि पंधरा वर्षांच्या आतल्या पोराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर एक पोरसुद्धा पुरे, त्याच दिवशी कळवायचं. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 सालच्या जानेवारीत निघाला, तरीही हा नियम सुटलेला नाही, सुटूही नये. मोठ्या माणसांच्या बाबतीतही 2025 च्या जानेवारीत आपण ऐकलंच. पुण्याला सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. आधी जुलाब, मग पायातली ताकद जायची. दूषित पाण्याकडं बोट गेलं. पुणं आपल्याला लांब वाटतं, पण आपल्यातल्या कितीजणींची मुलं तिथं कामाला आहेत? शनिवारी रात्री एसटीनं गावी येतात. ताप असला तर तोही त्याच एसटीनं येतो.

मग राहून कुणाचं जातं? पहिली आपणच राहतो. बाईला ताप आला की ती क्रोसिन खाऊन भांगलायला जाते. दोन दिवसांनी जास्त झालं तर गावातल्या खाजगी डॉक्टरकडं सुई, फार तर सलाईन. पैसे दिले, बरं वाटलं, विषय संपला. त्या डॉक्टरनं पुढं कळवलं तर ठीक. नाही कळवलं, तर कागदावर त्या गल्लीत कुणी आजारीच नव्हतं. खाजगीकडं जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही, रात्री अकरा वाजता दुसरं कोण दार उघडतं? पण तिथं गेलात तरी आशाताईंच्या कानावर घाला.

दुसरं म्हणजे ऊसतोडीला आलेली माणसं. यावर आम्हाला जरा जास्त बोलायचंय. आपला हा भाग उजनीच्या पाण्यावर उसाचा झाला. दिवाळी झाली की बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात. फडाच्या कडेला, कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात, आणि पुढचे चार-पाच महिने ती लेकरं तिथंच असतात. आशाताईंच्या यादीत गावातली घरं असतात, कोपीला घर नंबर कुठला? त्या लेकराचं नाव त्याच्या गावच्या यादीत असतं, आणि तिथल्या लसीच्या दिवशी ते इथं उसात असतं. गोवरची लस नवव्या महिन्यात एक आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी. दोन्हीही हंगामात आल्या तर दोन्हीही चुकतात. आणि गोवर म्हणजे काय, तर एका पोरापासून लस न घेतलेल्या बारा-अठरा पोरांपर्यंत जाणारा आजार. मुंबईत गोवंडीला 2022 साली गोवरनं लेकरं गेली, ती मुंबईत, जिथं चार पावलांवर दवाखाना आहे.

कोपीतलं पोर तापलं तर त्याची आई काय करते? पहाटेच फडावर जाते, पोर थोरल्या बहिणीपाशी, नाहीतर उसाच्या सावलीत. खाडा केला तर पैसे कापतात. मुकादम काय म्हणेल याची धास्ती वेगळीच. ती कुणाला सांगणार? तिच्याशी बोलणं होतं ते आपलंच. ती पाण्याला येते, दळणाला येते, किराणाला येते. तेव्हा "लेकरं बरी आहेत का? कुणाच्या अंगावर काही उठलंय का?" एवढं विचारायला आपल्याला काही पडत नाही. काही जणी म्हणतात, त्यांच्यामुळंच आजार येतात. हे आम्हाला पटत नाही. ज्या टाकीचं पाणी आपण पितो तेच त्यांना मिळतं, तेही मिळालं तर.

एक अडचण मात्र खरी आहे. कळवलं की गावाचं नाव खराब होतं, असं पुढाऱ्यांना वाटतं. पाण्याच्या पाहणीत ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं, आणि लाल कुणाला नको असतं. लपवण्याची ही सवय जुनी आहे. 1897 साली पुण्यात प्लेग होता तेव्हा गोरे सोल्जर घरात घुसून रुग्ण शोधायचे, म्हणून लोक आजारी माणसाला माळ्यावर दडवायचे. त्यांना दोष तरी कसा द्यावा? त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि त्या प्लेगनंच गेल्या. आता घरात सोल्जर येत नाही. आलीच तर सिस्टर येते, रक्त घेते, पाण्यात टीसीएल पडलंय का बघते, आणि रांजण-टाक्या रिकाम्या करायला लावते. त्याचा राग येतो काही जणींना, भरलेलं पाणी ओतायचं म्हणजे जिवावर येतं, ते आम्हालाही कळतं. पण डेंगूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात होतो.

तर आपल्या गटापुरतं असं ठरवू. बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आशाताईंचा आणि उपकेंद्रातल्या सिस्टरचा फोन नंबर लिहायचा. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की उठायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, कुणाच्या गल्लीत एकसारखा आजार दोन घरांत आहे का? असेल तर फोन करायचा. कुठली गल्ली, किती जण, काय होतंय, कधीपासून, पाणी कुठलं पितात, एवढं सांगायचं. घरातल्यांची नावं चावडीवर बोलायची गरज नाही. आशाताईंचा फोन लागला नाही तर 104 वर लावायचा.

आणि यंदा टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात आशाताईंना घेऊन कोप्यांवर एक फेरी मारायची. पाच वर्षांच्या आतली लेकरं किती, गरोदर बाया किती, कुणाकडं लसीचं कार्ड आहे, हे लिहून घ्यायचं. सकाळी जाऊ नका, तेव्हा कोपीवर मोठं कुणी नसतं. दिवे लागणीला जा.