वरची माती राखा, पण जंगल खरवडू नका

मावळातून सारखा एकच प्रश्न येतो. दगडखाण बंद झाली, तिथं झाडं लावली, ती जगत नाहीत. मग जंगलातली माती आणून टाकू का?

नाही. उभ्या जंगलातली घमेलंभर मातीसुद्धा उचलायची नाही. जी जागा मोडणारच आहे, म्हणजे खाणीचा पुढचा टप्पा, रस्ता किंवा बंगल्याचा पाया, तिथलीच वरची माती यंत्र लागण्याआधी वाचवायची.

बिया, कंद आणि मुळांना साथ देणारी बुरशी असते ती वरच्या वीतभर थरात. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी असताना तो वेगळा काढा, मुरूम मिसळू देऊ नका आणि लगेच बंद खाणीवर पसरा. मोठा ढीग वर्षभर पडून राहिला, तर बिया कुजतात, बुरशी मरते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा वृक्षांच्या जंगलातल्या बॉक्साइट खाणींत नव्या खड्ड्यावरची ताजी माती शक्यतो थेट काम संपलेल्या खड्ड्यावर पसरतात.

आपल्याकडे लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. उतारावर आधी आडव्या दगडी ताली घाला, नाहीतर माती थेट इंद्रायणीत जाईल.

या मातीतून गवतं, तेरडा, सोनकी, चवर उगवू शकतात. जांभळाचं बी मातीत फार काळ टिकत नाही. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची रोपंच लावा. रानमोडी आणि घाणेरी माजलेल्या जागेची माती नको.

आणि देवराईची तर मुळीच नको! 'तिथली माती सकस, म्हणून दोन ट्रॉल्या आणल्या,' असं कुणी अभिमानानं सांगतं तेव्हा जीव कळवळतो. अहो, एक उघडी जागा झाकायला तुम्ही दुसरी उघडी केलीत! सह्याद्रीतल्या देवरायांचं मोल संशोधक वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकातच अभ्यासून मांडलं. आपल्या मावळातल्या आजिवलीच्या देवराईत भेरली माड उभे आहेत. पणज्यांनी जिथं कोयता लावला नाही, तिथं आपण फावडं घालायचं? खरवडलेल्या जागी पुढची रोपं कशात रुजणार? पुन्हा सांगते: मोडणाऱ्या जागेचीच माती घ्या, राखलेल्या जागेची नाही.

ग्रामसभेत खाणीचा किंवा रस्त्याचा विषय निघाला, की आधी विचारा: वरची माती कुठं टाकणार? उत्तर लेखी घ्या, आणि काम सुरू होईल त्या दिवशी तिथं हजर राहा.