उतारवयातील कुंचला



ज्येष्ठांच्या चित्रकलावर्गाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. उतारवयात कुंचला धरणे म्हणजे पोरखेळ, असे कित्येकांस वाटते. त्यांस आम्ही दोन दाखले देतो. रवींद्रनाथ ठाकुरांचा जन्म १८६१ सालचा. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिस येथे भरले ते १९३० साली. अमेरिकेतील अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस ह्या शेतकरी बाईंस संधिवातामुळे भरतकाम झेपेना, म्हणून सत्तरी उलटल्यावर त्यांनी रंग जवळ केले. १९६१ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्या निवर्तल्या तेव्हा त्यांची कीर्ती दूरदेशी पोहोचली होती.

आमच्या वर्गाची रीत साधी आहे. बोटे आखडली असतील तर पेन्सिलीवर चिंधी गुंडाळून ती जाड करावी. वयोमानाने डोळ्यांतील भिंग पिवळसर होऊन निळ्या-काळ्याचा भेद कळेनासा होतो. यास्तव बैठक खिडकीपाशी, भरपूर उजेडात मांडावी. बाकीचे धडे मात्र शिष्यच आम्हांस देतात!

एका आजोबांचा माड फारच कलला होता. आम्ही खोडरबर पुढे केले. ते म्हणाले, "मास्तर, ७८ वर्षांत झालेले काही खोडता आले नाही, आता माडच तेवढा कशाला खोडू? वारा पश्चिमेचा आहे, असे समजा!" त्यावर आमचे काय चालणार?

लाल लुगड्यातील एका आजींनी आपल्या वाडीतला जुना रहाट काढला. वसईकडे असे रहाट आता दिसेनासे झाले आहेत. रहाटाच्या बैलाच्या डोळ्यांवर झापडे कशी नाहीत, असे आम्ही विचारले. आजी हळूच उत्तरल्या, "जन्मभर बिचारा न बघता फिरला. चित्रात तरी त्याला वाडी बघू दे." वर्गातील हसू क्षणभर थांबले.

ह्याच आजी आयुष्यभर अंगठा उठवीत आल्या होत्या. चित्र पुरे झाल्यावर त्या म्हणाल्या, "खाली नाव लागते ना? मग माझे मीच काढीन." आम्ही त्यांचे नाव कागदावर लिहून दिले. त्यांनी तीन आठवडे ते गिरविले आणि अखेर बैलाच्या खुरांपाशी, एकेक अक्षर जणू चित्रच, असे आपल्या हाताने काढले.

म्हणून विनंती इतकीच की, आपल्या घरच्या वडील मंडळींस "आता तुम्ही स्वस्थ बसा" असे म्हणू नका. त्यांना वर्गास आणून सोडा. कागद आम्ही देऊ. सांगण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ आहे.