आडनाव विचारणारा दलाल



महाराष्ट्रात घरे, गाळे आणि प्लॉट यांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटांना आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. महारेराने जानेवारी 2023 मध्ये तसा आदेश काढला. ज्या धंद्यात कालपर्यंत एक मोबाइल आणि चार ओळखी एवढे भांडवल पुरत होते, त्या धंद्यातील माणसाला चटई क्षेत्र म्हणजे काय आणि करारनामा कसा वाचावा हे शिकावे लागते, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु या धंद्यात गिऱ्हाइकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न चटई क्षेत्राचा नसतो. तो असतो, "आडनाव काय?"

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी यांपैकी कोणत्याही गावात मे-जूनच्या बदल्यांच्या दिवसांत किरायाच्या खोलीचा शोध कसा चालतो, हे कार्यकर्त्यांनी पाहिलेले आहे. नवा शिक्षक येतो, परिचारिका येते, बँकेतील कारकून येतो, एस. टी.चा वाहक येतो. दलाल नाव विचारतो. आडनाव शेख किंवा पठाण असेल, तर संभाषण तेथेच संपते. मेश्राम असेल, तर थोडे लांबते. कारण मेश्राम बौद्धांत आहेत तसे गोंडांतही आहेत. म्हणून पुढचा प्रश्न येतो, "कोणते मेश्राम? मूळ गाव कोणते? घर कोणत्या मोहल्ल्यात?" एवढ्याने माणसाची जात दलालाच्या हाती लागते आणि मग अतिशय नम्र स्वरात सांगितले जाते की, खोली कालच संध्याकाळी गेली. कोणी शिवी देत नाही, कोणी हाकलत नाही. तीच खोली आठवडाभर रिकामी राहते आणि नंतर दुसऱ्या कोणाला मिळते. कधी कधी सबब आहाराची असते: घरमालकांना मांसमच्छी चालत नाही. तलावांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि घरोघरी मासळी शिजणाऱ्या या जिल्ह्यात ही सबब ऐकून खरे तर हसू यावे.

दलालाचा बचाव ठरलेला आहे. तो म्हणतो, घर मालकाचे, इच्छा मालकाची, मी केवळ निरोप्या. हा बचाव तपासून पाहण्यासारखा आहे. निरोप्या निरोप पोचवितो. हा मात्र मालकाला न विचारताच माणसे गाळतो. अनेकदा मालकाने काही सांगितलेलेही नसते. दलाल त्याच्या मनातील कल्पना करतो, मागच्या मालकाच्या अनुभवावरून नव्याला जोखतो, आणि ज्या मालकाने कदाचित होकार दिला असता त्याच्यापर्यंत तो उमेदवार पोचतच नाही. यात त्याचा स्वार्थही आहे. दलाली बुडू नये, वेळ वाया जाऊ नये, मोहल्ल्यात नाव खराब होऊ नये. पूर्वग्रह अशा रीतीने धंद्याची सोय बनतो. ज्याला दहा दारे बंद आहेत, तो अकराव्या दाराशी किरायाची घासाघीस करू शकत नाही. त्याला जास्त पैसे मोजून ओलसर खोली घ्यावी लागते आणि जास्त लांबून कामावर यावे लागते. जातीचा प्रश्न आणि वर्गाचा प्रश्न कोठे एकमेकांत मिसळतात, हे पाहण्यासाठी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. किरायाची पावती पुरेशी आहे. तीही बहुधा दिली जात नाही!

याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. जमिनीचा वाद, साक्षीचा राग ही कारणे पुष्कळ चर्चिली गेली. पण त्या कुटुंबाचे घर कसे होते, याची चर्चा कमी झाली. स्वतःची शेती असलेल्या त्या कुटुंबाला गावात पक्के घर बांधता आले नव्हते. ते झोपडीतच राहत होते. कोणी कोठे राहावे आणि कसे राहावे, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, असे गाव मानत होते. खोली काल गेली असे सांगणारा दलाल खुनी नव्हे, आणि त्याला त्या रांगेत बसविणे अन्यायाचे होईल. परंतु शेजार निवडण्याचा जो अधिकार तो मालकाच्या वतीने वापरतो, त्याचे मूळ त्याच समजुतीत आहे.

ही कथा जुनी आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक मित्र हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. ज्यांना स्वतःला पुरोगामी म्हणवून घ्यावयाचे आहे, त्यांनी जमावाच्या काठ्यांपेक्षा त्या दोन मित्रांच्या सबबींकडे अधिक लक्ष द्यावे.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. अस्पृश्यतेविरुद्ध 1955 साली जो कायदा झाला, जो 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, त्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे वा त्यात राहणे यात अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा आणणे हा गुन्हा ठरविला आहे. सहाव्या कलमाप्रमाणे त्याच कारणाने सेवा नाकारणे हाही गुन्हा आहे. म्हणजे दलितांना खोली दाखविण्यास नकार देणारा दलाल सात दशकांपूर्वीच कायद्याच्या कक्षेत आला. मग या कलमांचा उपयोग का होत नाही? कारण नकार तोंडी असतो, हसतमुख असतो आणि त्याचा पुरावा उरत नाही. मुसलमान भाडेकरूंना तर एवढाही आधार नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे, खासगी घराचा नाही. 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची उपविधीतील तरतूद वैध ठरविली. महारेराकडे प्रकल्प नोंदविताना बिल्डरला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते की, वाटपाच्या वेळी कोणत्याही कारणाने भेदभाव करणार नाही. उत्तम! पण किरायाची खोली दाखविणारा दलाल त्या कायद्याच्या नोंदणीतच येत नाही. भंडाऱ्यात बहुसंख्य नोकरदारांचा संबंध येतो तो याच दलालाशी.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या 1924 च्या आचारसंहितेतच असे कलम होते की, वस्तीची किंमत उतरेल अशा वंशाच्या माणसांना तेथे आणण्यास सभासदाने कारण होऊ नये. म्हणजे भेदभाव हाच व्यवसायधर्म होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्यात, एप्रिल 1968 मध्ये, घरांच्या बाबतीतील भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. गोऱ्यांना एका वस्तीकडे आणि काळ्यांना दुसरीकडे वळविणे हाही गुन्हा ठरला. त्या संघटनेने आपल्या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली ती 2020 साली. तेथे एजंटांना समान वागणुकीचे शिक्षण दिले जाते. पण त्या शिक्षणामागे खटल्याची भीती उभी आहे, आणि खटल्यामागे पुरावा. पुरावा मिळविण्याची रीत साधी आहे. एकच घर, सारखीच मिळकत असलेले दोन उमेदवार, एक काळा, एक गोरा. दोघांना काय उत्तर मिळाले ते लिहून ठेवायचे. भारतात डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात हीच रीत वापरली. सवर्ण नावाला होकार, दलित नावाला अटी वा नकार, आणि मुसलमान नावाची अवस्था सर्वांत वाईट, असे त्यांना आढळले.

तेव्हा एजंटांना विविध समाजांच्या सणांची, चालीरीतींची माहिती देणारे वर्ग भरविण्याची जी कल्पना अधूनमधून मांडली जाते, तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. भंडाऱ्यातील दलालाला ईद कधी येते आणि 14 ऑक्टोबरला नागपूरला कोण जाते, हे उत्तम ठाऊक आहे. त्याचे अज्ञान कायद्याविषयी आहे आणि निर्धास्तपणा शिक्षेविषयी. 1955 च्या कायद्याची ती दोन कलमे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत आली पाहिजेत, किरायाच्या दलालांची नोंदणी झाली पाहिजे, आणि बिल्डरच्या प्रतिज्ञापत्रातील ते वाक्य दलालाच्या परवान्यावर छापले गेले पाहिजे. धर्माच्या कारणाने घर नाकारण्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याची मागणी तर सर्वांत आधी करावयास हवी.

येथे एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. 1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीत मतदारसंघ द्विसदस्य होता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर डॉ. आंबेडकर पराभूत झाले. समाजवादी चळवळीला या जिल्ह्यात ही आठवण टाळता येत नाही. आजही चळवळीच्या कितीतरी सहानुभूतीदारांची स्वतःची घरे आहेत, वरच्या मजल्यावर किरायाच्या खोल्या आहेत. 'एक गाव एक पाणवठा' या मोहिमेचे गुणगान करणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेल्या दहा वर्षांत कोण कोण राहून गेले, याची यादी ज्याने त्याने घरी जाऊन करावी. 'आमची हरकत नाही हो, पण शेजाऱ्यांचे काय' हे वाक्य बडोद्याच्या त्या मित्रांच्या सबबींपेक्षा फारसे वेगळे नाही.

येत्या मे महिन्यात तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी दोन-दोन कार्यकर्त्यांच्या जोड्या कराव्यात. एक आडनाव चालणारे, एक न चालणारे. दोघांनी एकाच खोलीसाठी एकाच दिवशी, तासाच्या अंतराने विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर शब्दशः वहीत उतरवावे. वहीवर तारीख, वेळ, मागितलेला किराया आणि दोघांच्या सह्या असाव्यात. दलालाशी भांडू नये. सहानुभूतीदारांच्या खोल्याही यादीत घ्याव्यात, आणि त्यांना आधी कळवू नये.