तिजोरीची किल्ली



मोताळा तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी दिवाळीच्या पुढेमागे डोकावून पाहा. वेचणी चाललेली असते, थोडा कापूस मलकापूरच्या बाजारात गेलेला असतो आणि हाती आलेल्या पैशाला लगेच वाटा फुटू लागतात. सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची उधारी, वेचणीची मजुरी, पोरांची वह्या-पुस्तके. आणि मुलीचे लग्न ठरले असेल तर त्याचीही बेगमी. घरचा कारभारी रात्री बोटे मोडत हिशेब करतो. पांघरूण डोक्यावर ओढले की पाय उघडे पडतात!

देशाचे अंदाजपत्रक म्हणजे याच हिशेबाचे मोठे रूप. वर्षात किती येणार, कुठून येणार आणि कशावर जाणार, एवढेच त्यात असते. फरक आहे तो एकच, पण मोठा आहे. घरचा कारभारी आपल्या घामाचा पैसा मोजतो. देशाचा अर्थमंत्री दुसऱ्यांचा मोजतो. तुमचा आणि माझा. तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला असते, पण तिजोरी त्याची नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवून या खुर्चीवर कोण कोण बसले ते आज थोडे पाहू.

हिंदुस्थानात ही पद्धत सुरू झाली १८६० साली. १८५७ चा उठाव मोडण्यात सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठी इंग्लंडहून जेम्स विल्सन नावाचे गृहस्थ आले. त्यांनी पहिले अंदाजपत्रक मांडले आणि आपल्याकडे आयकर आणला. त्याच वर्षी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले, पण पद्धत राहिली. पैसा रयतेचा, हिशेब मात्र साहेबाचा, अशी ती पद्धत होती.

तिला जोरदार सवाल केला तो एका मराठी माणसाने. नामदार गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सभासद होते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत मात्र देता येत नसे. मग बोलून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. गोखल्यांनी तसे म्हटले नाही. १९०२ साली सरकारने मोठ्या ऐटीने शिल्लक दाखवली, तेव्हा ते उठले. दुष्काळाने देश पोळलेला असताना तिजोरीत शिल्लक उरते, ती भरभराटीची खूण नव्हे, गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याची खूण आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मिठावरच्या कराचे ओझे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. १९०३ साली हा कर मणामागे अडीच रुपयांचा दोन रुपये झाला आणि पुढे १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. हाती किल्ली नाही, मताचा अधिकार नाही, तरी नीट अभ्यास करून विचारलेल्या प्रश्नात केवढे बळ असते, ते यावरून कळते.

स्वातंत्र्य आले आणि २६ नोव्हेंबर १९४७ रोजी षण्मुखम चेट्टी यांनी स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक मांडले. त्यांच्यानंतर जॉन मथाई आले आणि १९५० साली चिंतामणराव देशमुख. देशमुखांचे जन्मगाव कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडातले नाते; पण आपल्या वऱ्हाडाला ते परके नव्हते. बुलढाणा जिल्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, त्याच प्रांतात त्यांची सनदी नोकरी सुरू झाली. तिथल्या कारभारात ते तयार झाले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि तिथून पुढे अर्थखात्यात आले.

त्यांच्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी खेड्याशी जवळच्या आहेत. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा, विशेषतः लहान गावांकडे, काढण्याचे काम तिच्यावर सोपवले गेले. दुसरी गोष्ट १९ जानेवारी १९५६ ची. आयुर्विमा सरकार ताब्यात घेत आहे, ही बातमी देशमुखांनी देशाला सांगितली ती आकाशवाणीवरूनच.

त्याच वर्षी मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले. देशमुखांना ते पटले नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि किल्ली खाली ठेवली. गंमत पाहा, चेट्टी, मथाई, देशमुख आणि त्यांच्यामागून आलेले टी. टी. कृष्णम्माचारी, या पहिल्या चारही अर्थमंत्र्यांनी खुर्ची सोडली ती राजीनामा देऊन. कारणे निरनिराळी होती. मथाईंचे नियोजन मंडळाच्या अधिकारावरून पटले नाही. कृष्णम्माचारींना १९५८ साली मुंध्रा प्रकरणामुळे जावे लागले. पण यातून एक रिवाज दिसतो : दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याला जाब द्यावा लागतो, आणि मन मानत नसेल तर बाजूलाही व्हावे लागते.

पुढे आणखी तीन मराठी माणसे या खुर्चीवर बसली. यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ या काळात अर्थमंत्री होते. निर्वासितांचे लोंढे, १९७१ चे युद्ध आणि मागोमाग दुष्काळ, असे तिहेरी ओझे त्यांच्यावर आले. शंकरराव चव्हाणांच्या वेळी १९८९ साली जवाहर रोजगार योजना सुरू झाली. मधू दंडवते हे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९९० साली त्यांनी दहा हजार रुपयांपर्यंतच्या ग्रामीण कर्जमाफीची योजना आणली. १९६३ पासून सराफ-सोनारांना जाचणारे सुवर्णनियंत्रणही त्यांच्याच वेळी उठले.

आता तुम्ही म्हणाल, ही दिल्लीची माणसे, त्यांचे आम्हांला काय? तर ऐका. पूर्वी दिल्लीचे अंदाजपत्रक संध्याकाळी पाचला मांडले जाई. १९९९ पासून ते सकाळी अकराला येते आणि २०१७ पासून १ फेब्रुवारीला. त्या दिवशी आपण कान देऊन ऐकतो, काय स्वस्त झाले, काय महाग. पण आपल्या गावाच्या तिजोरीचे काय? तिथेही अंदाजपत्रक असतेच. ग्रामपंचायतीला वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षकाचा शेरा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. मोताळ्यासारख्या नगर पंचायतीच्या गावी नगरसेवकांच्या सभेत अंदाजपत्रक मंजूर होते. तो कागद आपल्यापैकी कितीजण वाचतात? ग्रामसभेला माणसे जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, हे मात्र आपण कितीदा तरी ऐकतो.

नळाला पाणी येत नाही म्हणून ओट्यावर बसून कुरकुर करणे सोपे आहे. पाणीपुरवठ्यावर गेल्या वर्षी किती धरले होते, किती खर्ची पडले आणि उरलेले कुठे गेले, हे सभेत उभे राहून विचारणे अवघड आहे. भांडणाच्या सुरात नको. आकडा हातात घेऊन, शांतपणे. गोखल्यांना मताचा अधिकार नव्हता, तरी ते उठले. आपल्याला तर तो आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना एकदा आपल्या शाळेचेच अंदाजपत्रक करायला सांगा. शंभर रुपये असतील तर खडूला किती, झाडांना किती, खेळाला किती? ती आपसांत वाद घालतील. घालू द्या. कोणत्या कामाला आधी पैसा, हे ठरवताना प्रत्येकाला कारण द्यावे लागते, हे ती त्यातच शिकतील. आणि मग एका मुलाला खजिनदार करून महिनाअखेर सर्वांसमोर हिशेब वाचायला लावा.

हिशेब द्यायची सवय आणि हिशेब मागायची सवय, दोन्ही लहानपणीच लागलेल्या बऱ्या.