वजन कमी करून या, पण कसं?



आपली ही परिषद कळव्यात भरली हे योग्यच झालं. इथल्या पारसिक डोंगराच्या उतारावरच्या घोलाईनगर, वाघोबानगरात राहणाऱ्या बाईचे गुडघे झिजले की तिला घर गाठणंही अवघड होतं. ती ओपीडीत येते. आपण डॉक्टर म्हणतो, “मावशी, आधी वजन कमी करा, मग ऑपरेशनचं बघू.” किती, कसं, कधीपर्यंत, हे कागदावर नसतं. पुढच्या खेपेला वजन तेच, गुडघा अधिक वाकडा. दुखतं म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून वजन जात नाही.

अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे २००० आणि २००१ साली ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलले, तेव्हापासून हा विषय घरोघरी पोचला. २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. खर्चाची अट थोडी सैल झाली. वजनाची नाही.

वजनाचा आग्रह चुकीचा नाही. स्थूल रुग्णात जखम चिघळण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मधुमेह सोबत असेल तर आणखी. अमेरिकेतल्या मेसियर यांच्या २००५च्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं दिसलं. पाच किलो घटवणाऱ्या मावशींना हा हिशेब सांगून पाहा, त्यांचा चेहरा खुलतो. काहींचं दुखणं इतकं कमी होतं की ऑपरेशन पुढे ढकलावंसं त्यांनाच वाटतं.

माझा आक्षेप आकड्याचं कुलूप करण्याला आहे. बीएमआय चाळीसच्या वर म्हणून दार बंद, असं अनेक ठिकाणी चालतं. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनी आणि सांधेरोपण शल्यविशारदांनी २०२३मध्ये एकत्र येऊन सांगितलं, की केवळ ठरावीक वजन गाठण्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये. आहाराचा प्रयत्न जरूर करा, पण मुदत ठरवून. मुदतीत जमलं नाही तर पुढे काय, तेही तेव्हाच ठरवा.

आता ताटाकडे येऊ. ‘कमी खा’ म्हटलं की आपल्याकडे बाई उपास वाढवते. संकष्टी, सोमवार, एकादशी. आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाणे! वजन उतरलंच तर चरबीबरोबर मांडीचा स्नायूही जातो, आणि ऑपरेशननंतर उभं राहायला तोच लागतो. म्हणून भाताचा ढीग कमी करा, तेल मोजून घ्या, चहातली साखर सोडा. पण प्रथिनं कमी करू नका. आगरी-कोळी घरात सुकट, जवळा, बोंबील आहेत, तळण्याऐवजी कालवणात घाला. शाकाहारी घरात मुगाचं पिठलं, मटकीची उसळ, ताक. महागड्या डब्यातली पावडर लागतेच असं नाही, आणि ती लिहून देण्याची घाई मला तरी पटत नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण घटताच डोस तपासावा लागतो; नाहीतर मावशी घामाघूम होऊन रात्री पडतात. ऑपरेशनच्या तोंडावर उपासमार तर मुळीच नको. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन आधीच पाहून ठेवा.

दुपारच्या सत्रात मी एवढंच मागणार आहे: ‘वजन कमी करा’ असं लिहिलेल्या प्रत्येक केसपेपरवर त्याखाली आहारतज्ज्ञाची तारीख आणि फिजिओचे खुर्चीत बसून करायचे व्यायाम लिहिलेले असावेत. त्याचा नमुना आज इथेच तयार करू.